राजकुमारांच्या गळ्यातला पेनड्राइव्ह

...आणि वर मलाच म्हणे चोर.

बसा ना, त्या टायरवर बसा, मघाशीच पुसलाय. तुमच्या गाडीचा पट्टा गेलाय, बदलायला वेळ लागेल, तेवढ्यात ऐका. तुम्हाला सांगतो, माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या किल्लीनं, पुढच्या दारानं शिरला आणि स्वतःची किटली उचलून बाहेर आला, तर त्याला कुणी चोर म्हणेल का? नाही ना म्हणणार? मला म्हणाले. आणि तोंडी नाही, लेखी. 'प्रिय निर्माते, आपल्या चॅनेलवरील व्हिडिओ दुसऱ्याच्या मालकीचा असल्याचे आढळल्याने तो काढून टाकण्यात आला आहे.' आता हा दुसरा कोण? तर तिसरे राजकुमार. हो, तेच, आपल्या देवळातले. पायाखाली आगीची चाकं, हातात भाला, चेहरा लहान पोराचा, पुढ्यात लॉलिपॉपचा ढीग... त्यांचा माल मी चोरला म्हणे. देवाचा माल. आणि माल कसला, तर कार्ब्युरेटर साफ कसा करावा. व्हिडिओत हात माझे, आवाज माझा, आणि चोरही मीच.

तो दहाचा पाना द्या जरा. हां.

मी असा भडाभडा बोलतोय म्हणून तुमचा गैरसमज होईल. माझे हात इंजिनात असले की तोंड चालतं. हात बाहेर काढले की बंद. लहानपणापासून तसंच. शाळेत, म्हणजे त्या तांत्रिक शाळेत, को सर होते आम्हाला इंजिन शिकवायला, त्यांनी तोंडी परीक्षेला उभं केलं. 'त्सुंगमिन, चार-स्ट्रोक इंजिन कसं चालतं, सांग.' मला येत होतं हो. आदल्या रात्री झोपेत इंजिन चालवत होतो मी. पण उभा राहिलो, सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला, वर पंखा फिरत होता, मी त्या पंख्याकडे बघत बसलो आणि तसाच खाली बसलो. सर म्हणाले, 'बरं, उद्या सांग.' तो उद्या काही उगवला नाही. मी सरळ इथं आलो, युंगदादांकडे, म्हणजे आमचे मालक, ते काय मागे आरामखुर्चीत पडलेत, घोरतायत असं वाटेल पण सगळं ऐकू येतं त्यांना.

तर व्हिडिओचं असं झालं, गिऱ्हाईक विचारायचं, 'काय बिघडलंय?' मी नुसता त्यांच्या तोंडाकडे बघायचो. युंगदादा म्हणायचे, 'अरे मिन, गाडीचं तोंड उघडतोस, स्वतःचं कधी उघडशील?' मग एकदा दुपारी मी फोन हत्यारांच्या पेटीच्या झाकणात उभा केला आणि कार्ब्युरेटरशी बोललो. कार्ब्युरेटरचं एक बरं असतं, तो मधेच काही विचारत नाही. हात दिसतायत, आवाज येतोय, तोंड कुठंच नाही. म्हटलं, हे जमतंय. मग ब्रेकशी बोललो, क्लचशी बोललो, पावसाळ्यात बंद पडलेल्या प्लगशी तर इतकं मन मोकळं केलं म्हणून सांगू. अख्ख्या आयुष्यात माणसांशी जेवढं बोललो नसेन तेवढं त्या व्हिडिओंमध्ये आहे.

आणि मग आला राजकुमारांचा वाढदिवस.

तुम्ही गाडीवाले, तुम्हाला वेगळं काय सांगायचं, देव सगळे थोर, पण चाकांवरचा देव हा एकच, म्हणजे आपलाच म्हणायचा. सगळ्यांनी काय काय आणलेलं. युंगदादांनी अख्खी उकडलेली कोंबडी, कुणी खेळण्यातली गाडी, कुणी दुधाची बाटली, लॉलिपॉप तर पोत्यानं. माझ्याकडे काय? मी एका पेनड्राइव्हवर सगळे व्हिडिओ भरले आणि लॉलिपॉपच्या मधोमध ठेवला, उदबत्ती लावली, आणि काहीतरी पुटपुटलो. काय पुटपुटलो ते विचारू नका. इतक्या हळू बोललो की मलाच ऐकू आलं नाही. सगळी भानगड तिथंच आहे.

कारण रीत काय? उदबत्ती जळून गेली की देवाचं जेवण झालं. देव वास घेतो, सार घेतो, मग कोंबडी आपण घरी न्यायची आणि खायची. युंगदादांनी नेली, आल्याचा रस्सा करून खाल्ली, मलाही एक तंगडी दिली. लॉलिपॉप पोरांना वाटले. मी म्हटलं, आता आपला पेनड्राइव्ह घेऊ. जाऊन बघतो तर तेंगहुईकाका, देवस्थानचे अध्यक्ष, शिडीवर चढलेले, आणि पेनड्राइव्हला लाल दोरा बांधून राजकुमारांच्या गळ्यात घालतायत. नवसाच्या सोन्याच्या पदकांमध्ये. वरूनच म्हणाले, 'मिन, देवाला दिलंस ना? शाबास पोरा.'

इथं मी काय म्हणायला हवं होतं? 'काका, परत हवाय.' एवढंच. तीन शब्द. मी म्हणालो, 'हं.'

तुम्हाला सांगतो, माझ्या आयुष्यातली सगळी संकटं या 'हं'मधून निघालीत.

गळ्यात घालायच्या आधी काकांच्या पुतणीनं, पेइयुननं, पेनड्राइव्हवरचं सगळं उतरवून घेतलं होतं. ती मच्छीमार संघाच्या कचेरीत असते, समोरच्या गल्लीत, आणि उरलेल्या वेळात देवळाचा चॅनेल सांभाळते. तिनं काय केलं, प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला देवळाच्या पथकाचे ढोल लावले, धडाम धडाम धडाम, मग माझा आवाज, 'आज आपण कार्ब्युरेटर साफ करू,' आणि चढवले देवळाच्या चॅनेलवर. आणि लोक बघायला लागले हो. पेंगहू बेटावरचा एक मासेमार लिहितो, वडिलांची गाडी त्यांच्यामागे गंजत पडली होती, तुमचं बघून चालू केली, काल तिच्यावरून बाजाराला जाऊन आलो. हे तो राजकुमारांना उद्देशून लिहितो. खाली आणखी कुणी लिहितं, 'राजकुमार महाराज, माझ्या ब्रेकचा आवाज येतोय, कृपा करा.' मला बरं वाटायचं. देवाच्या नावावर का होईना, गाडी चालू होतेय ना कुणाची.

तोवर सगळं ठीक होतं. मग आला को सरांचा निरोप.

हो, तेच को सर. कुठूनतरी माझा नंबर मिळवला. 'त्सुंगमिन, हा आवाज मी ओळखतो. नवीन वर्षानंतर पहिल्या वर्षाच्या पोरांना हे व्हिडिओ वर्गात दाखवायचे आहेत. पण देवळाच्या चॅनेलवर मधेच मिरवणूक लागते आणि सगळा वर्ग नाचायला लागतो. तुझा स्वतःचा चॅनेल आहे का?' मी पाना खाली ठेवला, हात धुतले, परत वाचलं. ज्या वर्गातून मी उठून आलो, त्या वर्गात माझा आवाज जाणार होता, आणि मला जायची गरजसुद्धा नव्हती. याहून सुंदर काय असतं मला सांगा. मी लिहिलं, 'आहे.' नव्हता. मग त्याच दुपारी उघडला. नाव ठेवलं 'तेलकट हात'.

आता मूळ व्हिडिओ कुठून आणायचे? जुना फोन काळ्या तेलाच्या ट्रेमध्ये बुडून मेलेला. पेनड्राइव्ह देवाच्या गळ्यात. मग मी काय केलं, देवळाच्या चॅनेलवरूनच माझे व्हिडिओ उतरवले, ढोलासकट, आणि माझ्या चॅनेलवर चढवले. साधी गोष्ट. आपलीच किटली.

दुसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर गायब. 'प्रिय निर्माते.' मला वाटलं काहीतरी चूक झाली, तर मी नाव बदलून परत चढवला. परत गायब, परत 'प्रिय निर्माते', आणि या वेळी खाली एक ओळ जास्त. ही आपली दुसरी नोटीस आहे, तिसऱ्या नोटिशीनंतर चॅनेल कायमचा बंद करण्यात येईल. कायमचा. आणि बाकीचे सगळे व्हिडिओ वर लटकलेले, कुठला कधी पकडला जाईल नेम नाही. तिकडे को सरांनी वर्गाला सांगूनसुद्धा ठेवलेलं. हात माझे, आवाज माझा, आणि चोरही मीच.

मी कंपनीला लिहिलं. उत्तर पापणी लवायच्या आत. एवढ्या लवकर माणूस उत्तर देत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. 'प्रिय निर्माते, आपली अडचण आम्ही समजू शकतो.' मी लिहिलं, अहो हे हात माझे आहेत. 'आपण मूळ मालकाकडून लेखी परवानगी घ्यावी.' मी लिहिलं, मूळ मालक मीच आहे. 'मूळ मालकाने आपल्याला परवानगी नाकारली असल्यास आम्हाला खेद आहे.' मी माझ्या अंगठ्याचा फोटो पाठवला. हा बघा, इथं व्रण आहे, क्लचच्या स्प्रिंगनं लागलेला, व्हिडिओत दिसतो, जुळवून बघा म्हटलं. उत्तर आलं, 'आपण पाठवलेल्या चित्रात विचलित करणारे दृश्य आढळले आहे.' माझा अंगठा. विचलित करणारा. मी दोन दिवस हातमोजा घालून काम केलं.

शेवटी युंगदादा उठले. ते उठतात म्हणजे गोष्ट गंभीर असते. म्हणाले, 'नोटीस कुणाच्या नावानं आलीय?' म्हटलं, देवळाच्या. 'देऊळ कुठंय?' म्हटलं, समोर. 'मग तू समुद्रापार पत्रं कशाला पाठवतोयस? गल्ली ओलांड की.' मी म्हटलं, दादा, पत्र लिहिणं सोपं आहे. त्यांनी मला मानगुटीला धरून गाडीच्या मागे बसवलं. गल्ली ओलांडायला गाडी. म्हणे चालत गेलास तर मधेच वळशील.

देवळाच्या बाहेरच्या मंडपात, चहाच्या टेबलावर तेंगहुईकाका आणि आणखी तीन-चार म्हातारे, सुपारी चघळत बसलेले. युंगदादांनीच सगळं सांगितलं. काकांनी छोट्या कपात चहा ओतला, स्वतः प्यायले, आणि म्हणाले, 'प्रश्न सरळ आहे. ही कोंबडी आहे की पदक आहे?'

म्हणजे? म्हणजे असं, कोंबडी दाखवायची आणि घरी न्यायची. पदक घातलं की देवाचं झालं, ते परत मागणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. एक म्हातारे म्हणाले, 'गळ्यात आहे म्हणजे पदक.' युंगदादा म्हणाले, 'लॉलिपॉपमध्ये ठेवला होता म्हणजे कोंबडी.' दुसरे म्हणाले, 'पण मी तर ऐकलंय तो बिघडत नाही, वर्षभर राहतो. कोंबडी राहते का?' 'सुकवलेला मासा राहतो की.' 'सुकवलेला मासा गळ्यात घालतात का?' असं बराच वेळ चाललं. मी मधे उभा. ज्याच्या मालकीचा प्रश्न, त्याला कुणी विचारत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारलं नाही हेच मला बरं वाटत होतं. शेवटी काका म्हणाले, 'मिन, देवापुढे ठेवताना तू काय बोललास?'

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि वर बघतो तर देवळाच्या मंडपात पंखा.

म्हटलं, 'आठवत नाही.' काका म्हणाले, 'मग ज्यानं ऐकलंय त्यालाच विचारू. चल, कौल लाव.'

आता कौल मी आधी लावलेला नाही असं नाही, पण मनातल्या मनात. गाडी घेऊ का, नोकरी धरू का. हातात त्या दोन लाल लाकडी चंद्रकोरी घ्यायच्या, मनात विचारायचं, टाकायच्या. एक पालथी, एक उताणी पडली की 'हो'. दोन्ही पालथ्या की 'नाही'. दोन्ही उताण्या पडून डुलायला लागल्या की देव हसला, म्हणजे तुझा प्रश्नच धड नाही, नीट विचार. पण काका म्हणाले, 'हा देवस्थानचा मामला आहे, मनातल्या मनात चालणार नाही. मोठ्यानं विचार, सगळ्यांनी ऐकलं पाहिजे. आणि ओळीनं तीनदा हो पाहिजे.'

मोठ्यानं. सगळ्यांसमोर. हात रिकामे.

गुडघ्यावर बसलो. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला, देवाला पत्ता नीट द्यावा लागतो, नाहीतर आशीर्वाद शेजारी जातो. आणि विचारलं, 'व्हिडिओ माझे आहेत ना?' टाकल्या. दोन्ही उताण्या. डुलतायत. मागे म्हातारे खुदखुदले. तेंगहुईकाका म्हणाले, 'हसले. अरे, व्हिडिओ तुझे हे त्यांना ठाऊक आहे, त्यांनी कधी स्कूटर दुरुस्त केलीय? तुला पाहिजे काय ते विचार.' परत धरल्या. 'व्हिडिओ मी परत घेऊ का?' टाकल्या. परत उताण्या. आता युंगदादासुद्धा हसायला लागले. एक म्हातारे म्हणाले, 'परत घेतोस म्हणजे? देवळाच्या चॅनेलवरून काढणार? बेटावरच्या त्या मासेमारानं काय करायचं?' दुसरे म्हणाले, 'आणि ढोल? ढोल पण नेलास ना तू? ते माझ्या पोराचं पथक आहे. ते तुझे हात आहेत का?'

तुम्हाला सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ढोल. ढोल माझे नव्हतेच. सुरुवातीचं धडाम धडाम मी आपलं समजून उचललं होतं. म्हणजे कंपनीचं सगळंच काही चुकलं नव्हतं, आणि देवाचं तर अजिबातच चुकलं नव्हतं, आणि तो पोराच्या चेहऱ्याचा देव इतका वेळ हसत होता तो उगीच नाही.

मी चंद्रकोरी परत उचलल्या, ओंजळीत हलवल्या, तर त्या एकमेकींवर वाजायला लागल्या, टक टक टक... आणि तो आवाज, सांगू का, अगदी टॅपेटचा. झडप सैल झाल्यावर येतो ना, तोच. आणि टॅपेट वाजायला लागलं की माझं तोंड उघडतं, त्याला मी काय करणार.

मी म्हटलं, 'काका, ही कोंबडी पण नाही आणि पदक पण नाही. आपलं देऊळ कसं झालं? मोठ्या देवळातल्या धूपपात्रातली राख आणून. लाल कापडात बांधून आणली, इथं घातली, राजकुमार इथं आले. मग तिकडचे राजकुमार कमी झाले का? ते तिथंच आहेत, आपण दर वर्षी भेटायला जातो. आपण त्यांची राख आणली म्हणून कुणी आपल्याला चोर म्हणालं का? व्हिडिओ राखेसारखा आहे. नेला तरी राहतो.'

म्हाताऱ्यांची सुपारी चघळायची थांबली. मी इतकं बोललो याचाच त्यांना धक्का बसला असावा. मला तर बसलाच होता.

मग मी देवाकडे वळलो आणि सरळ बोलत गेलो, जसं क्लचशी बोलतो तसं. 'राजकुमार महाराज, व्हिडिओ मी बनवलेत, ते माझेच राहतील. तुम्ही ते तुमच्या चॅनेलवर दाखवत राहा, तुमच्याकडून मी कधी काढून घेणार नाही. मी माझ्या चॅनेलवर दाखवीन. को सरांना वर्गात दाखवू देईन. तुम्ही ते दुसऱ्या कुणाला द्यायचे असतील तर मला विचारा. ढोल पथकाचे आहेत, ते मी कापून टाकीन. आणि आपण दोघांनी एकमेकांना चोर म्हणायचं नाही. चालेल?'

टाकल्या. एक पालथी, एक उताणी. परत टाकल्या. हो. तिसऱ्यांदा एक जी घरंगळली ती थेट त्या ढोलवाल्या म्हाताऱ्यांच्या चपलेपाशी जाऊन थांबली. उताणी. आणि दुसरी पालथी. हो. मागून युंगदादांनी पाठीत असा धपाटा घातला की मी देवापुढे पूर्ण आडवाच झालो, तोही नमस्कारात धरला गेला.

तो मोठा पाना... नाही, तो नाही, त्याच्या बाजूचा.

तर देवाचा होकार मिळाला. आता संपलं असं वाटतं ना? लेखी परवानगी पाहिजे ना कंपनीला. काका म्हणाले, 'देतो की लेखी. देवाच्या शिक्क्यासकट.' आणि फोनवर ते अर्ज भरायला बसले, चष्मा नाकाच्या टोकावर. मालकाचे नाव: तिसरे राजकुमार. बरं. जन्मतारीख: नवव्या चांद्रमासाची नवमी. बरं. साल? आता साल कुठून आणायचं, ती यादी शंभर-सव्वाशे वर्षांच्या मागे जातच नाही, आणि राजकुमारांना हजारएक वर्षं तरी झाली असतील. काका म्हणाले, 'पण ते कायम लहानच आहेत. सात वर्षांचे धरू.' सात वर्षांचे धरले. लगेच खाली लाल अक्षरं. 'मालक अल्पवयीन असल्याने पालकांची सही आवश्यक आहे.'

पालक. म्हणजे राजकुमारांचे वडील. काकांनी फोन हळूच उलटा ठेवला, गाभाऱ्याकडे बघितलं आणि कुजबुजले, 'वडिलांचं नाव त्यांच्यासमोर काढू नका. त्या दोघांचं जुनं भांडण माहितेय ना.' एक म्हातारे म्हणाले, 'वडील पलीकडच्या गावच्या देवळात आहेत, त्यांच्या समितीला विचारू.' काका म्हणाले, 'मिरवणुकीत त्यांची पालखी आपल्या पालखीला आडवी आल्यापासून आपण त्यांच्याशी बोलत नाही.' झालं. म्हणजे बापलेकांचं भांडण मिटवल्याशिवाय माझा कार्ब्युरेटर सुटणार नव्हता. इकडे हात माझे, आवाज माझा, आणि सहीला देवाचे वडील.

एवढ्यात पेइयुन आली. कचेरी सुटली होती, हातात कालवांच्या धिरड्याचा डबा. म्हणाली, 'काका, सगळे असे सुतकात का बसलाय?' काकांनी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, '"तेलकट हात" म्हणजे तू?'

मी म्हणालो, 'हं.'

'अरे देवा,' ती म्हणाली, आणि तिथंच पायरीवर बसली. 'मला वाटलं कुणीतरी तैपेईतला भामटा मिनचे व्हिडिओ चोरतोय. तुझाच आवाज, तुझेच हात, आणि नाव भलतंच. मला इतका राग आला. चॅनेलला एक सोय असते, आपल्या व्हिडिओची नक्कल कुठं दिसली की काढून टाका. ती मीच चालू केली. तुझ्यासाठी.' आणि वर म्हणाली, 'तू दुसऱ्यांदा चढवलास तेव्हा तर मी शिव्या पण दिल्या. मनातल्या मनात.'

आणि तिनं फोन काढला, कुठंतरी दोनदा बोट लावलं, म्हणाली, 'घे. तक्रार मागे घेतली.' बस. संपलं. नोटिसा गेल्या. देवाचा कौल, राखेचं भाषण, बापलेकांचं भांडण, विचलित करणारा अंगठा, सगळं एका बाजूला आणि ते बोट एका बाजूला. मला म्हणाली, 'कंपनीला लिहिण्याआधी मला का नाही विचारलंस? मी रोज तुमच्या दुकानासमोरून जाते.'

मागून युंगदादा म्हणाले, 'तेच तर. रोज जाते म्हणूनच.'

मी पंख्याकडे बघत होतो. ती हसली आणि डबा माझ्यापुढे केला. तिनं स्वतः शिडी लावली, राजकुमारांची परवानगी घेऊन पेनड्राइव्ह काढला, मूळ व्हिडिओ मला उतरवून दिले, बिनढोलाचे, आणि परत गळ्यात घातला. तिथंच आहे अजून. मूळ देवाकडे, नक्कल माझ्याकडे, आणि कुणाचंच काही कमी झालं नाही.

तुम्हाला सांगतो, नवीन वर्षानंतर को सरांनी व्हिडिओ दाखवले. पोरं गप्प बसून बघतात म्हणे. एकानं विचारलं, 'सर, हे कोण आहेत?' सर म्हणाले, 'हा तुमच्याच वर्गातला, याचं उत्तर यायला जरा उशीर झाला.' मला बोलावलंय एकदा, वर्गात येऊन गाडी खोलून दाखव म्हणून. मी हो म्हणालो. हात इंजिनात असतील, मग काय भीती. पेइयुन म्हणाली, मी येते फोन धरायला.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तिनं मला ती सोय दाखवली ना, नक्कल काढून टाकायची. म्हणाली, 'आता तुझ्या चॅनेललाही मिळालीय, लाव, खरोखरचे चोर पण असतात.' मी लावली. परवा नवीन व्हिडिओ केला, टॅपेटचा, माझ्या चॅनेलवर चढवला, आणि ठरल्याप्रमाणे संध्याकाळी देवाकडे पाठवला. त्यांनी ढोल लावून चढवला.

आज सकाळी शटर उघडतो तर दारात तेंगहुईकाका. चांगला कोट घातलेला, एका हातात लॉलिपॉपची पिशवी. तोंड पडलेलं. म्हणाले, 'मिन, राजकुमारांना नोटीस आलीय. चोरीची. तुझ्याकडून.'

मी म्हटलं, 'काका, ते यंत्र आहे, मी आत्ता...' तर ते ऐकेनात. लॉलिपॉप माझ्या टूलबॉक्सवर मांडले, उदबत्ती लावली, माझ्यासमोर उभे राहिले, खिशातून लाल चंद्रकोरी काढल्या आणि मोठ्यानं म्हणाले, 'यौ त्सुंगमिन, राहणार युंगचं स्कूटर दुकान, तुमची परवानगी आहे का?' आणि टाकल्या, या इथं, तेलाच्या फरशीवर.

मी म्हटलं, 'काका, मी इथंच उभा आहे. मला तोंडानं विचारा ना.'

म्हणाले, 'तू तोंडानं कधी बोलतोस?'

खाली बघितलं तर दोन्ही उताण्या. डुलत होत्या. काकांनी मान हलवली, वाकून उचलल्या, कोटाला पुसल्या आणि म्हणाले, 'हसलास. प्रश्न धड नव्हता वाटतं. नीट लिहून आणतो.' आणि गेले. लॉलिपॉप ठेवून गेले.

घ्या, तुमची गाडी झाली. आणि हा एक लॉलिपॉप घ्या... घ्या हो, उदबत्ती जळून गेलीय, माझं सार घेऊन झालंय.